बीड–नगर रेल्वे: परत परत येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

बीडला गाडी आल्यापासून मेसेज थांबेनात. कुणाला टाइम विचारायचाय, कुणाला पास काढायचाय, कुणाला परळीचं काय झालं ते हवंय, आणि निम्मे प्रश्न तेच ते असतात, म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवलेत. आधी साधे, मग किचकट. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा दिलेलं नाही, नंबर दिलाय तिकडे बघा. नगर म्हणजे अहिल्यानगर, बोलताना आपण सगळे नगरच म्हणतो तसंच लिहिलंय.

१. बीडला रेल्वे खरंच सुरू झालीये का, की अजून नुसत्या ट्रायलच चालूयेत?

खरंच सुरू झालीये. १७ सप्टेंबर २०२५ ला, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांनी बीड स्टेशनवरून हिरवा झेंडा दाखवला आणि तेव्हापासून बीड ते नगर प्रवासी गाडी धावते. ट्रायलचे व्हिडिओ त्याच्या आधी इतकी वर्षं फिरत होते की लोकांचा विश्वास उडाला होता, ते साहजिकच आहे. पण आता तिकीट काढून बसता येतं.

२. म्हणजे बीड जिल्ह्यात याआधी रेल्वे नव्हतीच का?

जिल्ह्यात होती, बीड शहरात नव्हती. परळी वैजनाथला निजामाच्या काळापासून स्टेशन आहे, परभणीकडून येऊन पुढे विकाराबादकडे जाणारी ती लाईन, आणि ती आजही दक्षिण मध्य रेल्वेकडे आहे. पण परळी जिल्ह्याच्या पार पूर्वेच्या टोकाला. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, बीड या भागातल्या माणसाला तिचा उपयोग जवळजवळ शून्य, रेल्वे पकडायची तर नगर, नाहीतर जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठायचं. त्यामुळे "जिल्ह्याला पहिल्यांदाच रेल्वे" असं जे छापून येतं ते बरोबर नाही, "जिल्ह्याच्या ठिकाणी पहिल्यांदा" असं म्हणा.

३. गाडीचा टाइम काय आहे? रविवारी असते का?

बीडपर्यंत गाडी सुरू झाली तेव्हाचं टाइमटेबल असं: नगरहून सकाळी ६.५५ ला सुटते, बीडला दुपारी १२.३० ला पोचते. तीच गाडी बीडहून १ वाजता निघते आणि नगरला संध्याकाळी ६.३० ला. आठवड्यात सहा दिवस, रविवारी बंद. टाइम मधूनमधून बदलतात म्हणून निघायच्या आदल्या दिवशी रेलवनवर (रेल्वेचं ॲप) किंवा १३९ या रेल्वेच्या हेल्पलाईनला फोन करून खात्री करा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या टाइमटेबलच्या फोटोवर भरवसा ठेवू नका, त्यात आष्टीपर्यंत धावणाऱ्या गाडीचे जुने टाइम अजून फिरतायत.

४. कुठं कुठं थांबते?

नगरहून निघालं की नारायणडोह, लोणी, सोलापूरवाडी, धानोरा, कडा, आष्टी, मग अंमळनेर (भांड्याचे), विघनवाडी, रायमोहा, राजुरी (नवगण) आणि बीड, शिवाय मध्ये छोटी स्टेशनं आहेत. काही स्टेशनांच्या नावापुढे "न्यू" लागलंय, उदाहरणार्थ न्यू आष्टी, ॲपमध्ये नुसतं आष्टी टाकून सापडलं नाही तर तसं टाकून बघा. आणि अंमळनेर म्हटल्यावर जळगावचं अमळनेर निवडू नका, ते सुरत–भुसावळ लाईनवर आहे, हे आपलं पाटोदा तालुक्यातलं.

५. तिकीट किती?

बीड ते नगर पूर्ण प्रवासाला चाळीस-पंचेचाळीस रुपयांच्या घरात. साध्या पॅसेंजरचं भाडं लागतं, कमीत कमी तिकीट १० रुपये. आष्टीची गाडी सुरू झाली तेव्हा जास्त भाडं घेत होते असं बरेच जण सांगतात, ते खरंय, कारण कोरोनानंतर पॅसेंजर गाड्या स्पेशल म्हणून चालवल्या जायच्या, नंबर शून्यापासून सुरू व्हायचा आणि कमीत कमी भाडं ३० रुपये होतं. ते फेब्रुवारी २०२४ मध्ये परत १० वर आलं. आता डेमूचा (म्हणजे आपली ही डिझेलवर चालणारी लोकल गाडी) नंबर ७ पासून सुरू होतो, ते बघितलं की समजायचं साधं भाडं आहे.

६. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आणि ७५ च्या पुढच्यांना फुकट आहे, ते रेल्वेत चालतं का?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि खिडकीवर यावरून रोज वाद होतात. एसटीची सवलत राज्य सरकार एसटी महामंडळाला देतं, ती फक्त एसटीत. या लाईनला राज्याचा पैसा लागलाय (प्रश्न १० बघा) पण गाडी मध्य रेल्वे चालवते आणि तिकिटाचे नियम सगळे रेल्वेचे. ज्येष्ठ नागरिकांना रेल्वेत पूर्वी सवलत होती, पुरुषांना ४० टक्के आणि महिलांना ५० टक्के, ती मार्च २०२० मध्ये बंद केली ती अजून चालू झालेली नाही. दिव्यांगांची सवलत आहे, सर्टिफिकेट सोबत ठेवा. ५ वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, ५ ते १२ ला अर्धं.

पण एक हिशेब करून बघा. एसटीचं अर्धं तिकीट सुद्धा या गाडीच्या पूर्ण तिकिटापेक्षा जास्त होतं. म्हणजे आजीला ७५ पूर्ण झालेली नसतील तर सवलत नसूनही रेल्वेच स्वस्त पडते.

७. तिकीट आदल्या दिवशी काढून ठेवता येतं का? मोबाईलवर मिळतं का?

आदल्या दिवशी नाही. जनरल तिकिटाचा नियम असाय की १९९ किलोमीटरपर्यंतचा प्रवास असेल तर तिकीट त्याच दिवसाचं, आणि काढल्यापासून ३ तासांत किंवा त्यानंतर सुटणाऱ्या पहिल्या गाडीने, यातलं जे उशिरा असेल तोपर्यंत प्रवास सुरू करायचा. बीड–नगर साधारण १६७ किलोमीटर आहे म्हणून हाच नियम. २०० किलोमीटर किंवा जास्त असेल तर ३ दिवस आधी मिळतं, ते पुढे गाडी बदलणाऱ्यांच्या कामाचं आहे (प्रश्न १४).

मोबाईलवर रेलवन ॲपमधून मिळतं. फक्त प्लॅटफॉर्मवर किंवा गाडीत बसल्यावर काढायला जाल तर ॲप काढू देत नाही, स्टेशनच्या बाहेर असतानाच काढा. रायमोहा, विघनवाडी बाजूच्या लोकांनी घरूनच काढून निघावं, स्टेशनजवळ रेंजचा भरवसा नसतो. तिकीट न काढता सापडलात तर भाडं अधिक कमीत कमी २५० रुपये दंड. दहा-वीस रुपयांच्या तिकिटासाठी हा धोका कुणी घेऊ नये, आणि दुसरं कारण प्रश्न १२ मध्ये आहे.

८. साडेपाच तास का लागतात? एसटी तर साडेतीन-चार तासांत जाते.

बरोबर आहे, आणि हीच या गाडीची खरी अडचण आहे. १६७ किलोमीटरला साडेपाच तास म्हणजे सरासरी ताशी तीस. रूळ कच्चे आहेत म्हणून असं नाही, याच रुळांवर ट्रायलची गाडी शंभरच्या वर पळालीये. लाईन एकेरी आहे, थांबे भरपूर आहेत, आणि टाइमटेबलमध्ये मोकळा वेळ फार धरलेला आहे. शिवाय रेल्वेमार्ग आष्टीवरून वळत जातो, रस्त्यापेक्षा अंतरही जास्त पडतं.

माझं स्पष्ट मत असंय की स्पीडपेक्षा टाइम जास्त चुकीचा आहे. बीडच्या माणसाला नगरला दवाखान्यात जायचं असेल तर दुपारी १ ची गाडी, पोचणार साडेसहाला, ओपीडी बंद. मग मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी परत यायची गाडी सकाळी ६.५५ ला, म्हणजे काम व्हायच्या आत गाडी गेली. आष्टी-कड्याच्या माणसाचंही तेच, त्याला नगरकडे जाणारी गाडी मिळते दुपार उलटल्यावर. उलट नगरचा माणूस सकाळी बसून बीडला आला तर त्याच्या हातात अर्धा तास. ही वेळ ज्याच्या सोयीची आहे असा प्रवासी मला तरी सापडलेला नाही.

९. मग सकाळी बीडहून आणि संध्याकाळी नगरहून अशी का नाही ठेवत?

कारण गाडी रात्री जिथं उभी राहते तिथूनच सकाळी निघणार. डेमूला दोन्ही टोकांना ड्रायव्हरची केबिन असते, इंजिन फिरवून लावायची भानगड नाही, म्हणून तर बीडला ती अर्ध्या तासात उलटी निघते. पण रात्रभर उभी करायची म्हणजे डिझेल, तपासणी, साफसफाई, पाणी, स्टाफची राहायची सोय, हे सगळं लागतं आणि ते जुन्या मोठ्या स्टेशनांच्या बाजूला आहे. बीडला हे उभं करणं अवघड नाही, मागणी नेमकी करायला पाहिजे. "बीडला गाड्या वाढवा" असं निवेदन दिलं की ते फायलीत जातं. "हीच गाडी रात्री बीडला मुक्कामी ठेवा, सकाळी ६ ला सोडा, नगरहून संध्याकाळी परत फिरवा" असं लिहा. यात नवीन गाडी मागायची गरजच नाही, आहे तीच उलटी चालवायची आहे.

१०. राज्य सरकारने अर्धा पैसा दिला म्हणतात, रेल्वे तर केंद्राची ना?

रेल्वे केंद्राची, पण ही लाईन अर्धी आपल्या राज्याच्या तिजोरीतून झालीये. कसंय, ज्या मार्गावर उत्पन्न कमी येणार असं रेल्वेचा हिशेब सांगतो तो मार्ग मंजूर झाला तरी पैसा नुसता ठिबकत येतो. अहमदनगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५-९६ मध्ये मंजूर झाला तेव्हा खर्च धरला होता साधारण ३५३ कोटी. वर्षाला थोडे थोडे पैसे मिळत गेले, कामाच्या आधी किंमतच वाढत गेली, २,८२६ कोटी झाली आणि पुढे ४,८०५ कोटी. मधल्या काळात राज्याने निम्मा खर्च उचलायचं कबूल केलं म्हणून काम हललं. वर्धा–यवतमाळ–नांदेड आणि वडसा–गडचिरोली या मार्गांनाही राज्याचा वाटा आहे.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, राज्याचा वाटा लाईन बांधायला आहे, रोजची गाडी चालवायचा खर्च आणि तोटा रेल्वेचा. दोन, ४,८०५ चे निम्मे म्हणजे २,४०० कोटी हा आपल्या टॅक्सचा पैसा आहे, त्यामुळे टाइमटेबलबद्दल आमदाराला विचारलं आणि त्याने "तो केंद्राचा विषय" म्हणून हात वर केले तर ऐकून घेऊ नका.

११. ३० वर्षं का लागली? श्रेय नेमकं कुणाचं?

का लागली ते वर आलंच, त्यात जमीन संपादनाची वर्षं मिळवा. टप्पे असे: आधी नगर ते नारायणडोह १२ किलोमीटर, मग २०१९ मध्ये सोलापूरवाडीपर्यंत ट्रायल, डिसेंबर २०२१ मध्ये आष्टीपर्यंत, आणि २३ सप्टेंबर २०२२ ला नगर–आष्टी ६६ किलोमीटरवर पहिली प्रवासी गाडी. २८ फेब्रुवारी २०२४ ला पंतप्रधान यवतमाळला आले होते तेव्हा तिथूनच आष्टी–अंमळनेर टप्प्याचं उद्घाटन झालं. मग सप्टेंबर २०२५ ला बीड. प्रत्येक टप्प्याला रेल्वे सुरक्षा आयुक्त येऊन तपासणी करतात, ते रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतात, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली असतात, म्हणून त्यांच्या मंजुरीशिवाय प्रवासी बसवताच येत नाही.

श्रेयाचं म्हणाल तर केशरकाकू क्षीरसागर खासदार असल्यापासून ही मागणी लावून धरलेली आहे, गोपीनाथ मुंडेंनी ती दिल्लीत सतत रेटली, आणि उद्घाटन बघायला दोघंही राहिले नाहीत. गावोगावच्या रेल्वे संघर्ष समित्यांमध्ये मोर्चे काढून, उपोषणं करून म्हातारे झालेले लोक आहेत. बॅनरवर त्यांचे फोटो नसतात, ते असायला पाहिजेत. आणि ज्यांची जमीन गेली त्यांचेही.

१२. गाडी रिकामी धावते म्हणून बंद करणार असं ऐकलं, खरंय का?

आष्टीपर्यंतच होती तेव्हा खूपच कमी प्रवासी मिळायचे, त्यामुळे ही भीती तेव्हापासून आहे. बीडपर्यंत आल्यावर फरक पडलाय. दुपारी बीडहून सुटणाऱ्या गाडीत बघा, पिशव्या घेऊन माहेरी निघालेल्या बाया, राजुरीला गणपतीच्या दर्शनाला आलेली कुटुंबं, कड्याला उतरणारे दोन-चार शेतकरी ज्यांच्या गोणीतून कांद्याची टरफलं डबाभर उडतात आणि कुणी काही बोलत नाही. पण रेल्वेला ही माणसं दिसत नाहीत, तिला विकलेली तिकिटं दिसतात. फुकट बसलेला माणूस हिशेबात शून्य. म्हणून दहा रुपयांचं का असेना, तिकीट काढा, प्रश्न ९ मधलं निवेदन त्याच आकड्यावर उभं राहणार आहे.

१३. महिन्याचा पास मिळतो का? बीड–नगर पास द्यायला नाही म्हणाले.

बरोबर सांगितलं त्यांनी. मासिक पास जास्तीत जास्त १५० किलोमीटरपर्यंतच देतात, बीड–नगर त्याच्या पुढे जातं. आष्टी–नगर (६६ किलोमीटर), कडा–नगर, अंमळनेर–नगर, बीड–आष्टी हे सगळे पास मिळू शकतात. विद्यार्थ्यांना पासात सवलत आहे, आणि घर ते शाळा-कॉलेज असा पास मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत मोफत मिळायची तरतूद आहे, शाळेचं सर्टिफिकेट लागतं. हे फार कमी जणांना माहितीये. अडचण एकच, सध्याच्या टाइमवर आष्टीची पोरगी नगरच्या कॉलेजला रोज जाऊच शकत नाही, मग पास फुकट असून काय करायचा. परत प्रश्न ९.

१४. बीडहून पुढे पुणे-मुंबईला जायचंय, एकच तिकीट चालतं का?

नगर हे दौंड–मनमाड लाईनवर आहे, तिथून दौंडमार्गे पुणे आणि मनमाडमार्गे नाशिक-मुंबई किंवा उत्तरेकडे जाता येतं. एकच जनरल तिकीट काढता येतं, पण इथं बरेच जण फसतात. बीडच्या गाडीचं तिकीट साध्या भाड्याचं असतं, ते घेऊन नगरला एक्सप्रेसमध्ये चढलात तर ते चालत नाही, फरक आणि दंड दोन्ही भरावे लागतात. खिडकीवर सुरुवातीलाच "मेल-एक्सप्रेसचं द्या" म्हणून सांगा. पुढची गाडी सुपरफास्ट असेल तर जनरलला १५ रुपये जास्तीचे.

रिझर्व्हेशन पुढच्या गाडीचं असेल तर आपली गाडी लेट होईल असं धरून किमान दोन तास हातात ठेवा. आणि खरं सांगायचं तर आज पुण्याला जायला बीडकरांना ट्रॅव्हल्सच बरी पडते, रेल्वेवाला असूनही मी कुणाला खोटं सांगणार नाही.

१५. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांना ही गाडी उपयोगाची आहे का? सामान किती नेता येतं?

जनरलमध्ये माणशी ३५ किलो सामान मोफत. संसार बांधून निघालेल्या कुटुंबाला ते पुरत नाही, शिवाय बैल, गाड्या, भांडीकुंडी हे सगळं ट्रक-ट्रॅक्टरनेच जाणार, कारखाना थेट फडावर सोडतो. पण मध्येच कुणी आजारी पडलं, पोरांच्या शाळेसाठी आईला परत यायचंय, मतदानाला यायचंय, अशा वेळी नगरपर्यंत येऊन पुढे चाळीस रुपयांत गावाकडे येता येतं, हा मोठा आधार आहे. मुकादमांनी टोळीतल्या बायांना एवढी माहिती जरूर द्यावी.

१६. या गाडीला आग लागली होती ना? बसावं का?

१६ ऑक्टोबर २०२३ ला आष्टीहून नगरला येणाऱ्या डेमूला नारायणडोहच्या पुढे आग लागली, पाच डबे जळाले. सगळे प्रवासी वेळेत उतरले, कुणाला इजा झाली नाही. बसायला हरकत नाही. धूर किंवा जळका वास आला तर आधी साखळी ओढा आणि १३९ ला फोन करा, व्हिडिओ नंतर. विनाकारण साखळी ओढली तर मात्र एक वर्षापर्यंत कैद किंवा १,००० रुपये दंड.

रूळ ओलांडण्याचंही इथंच सांगतो, कारण आपल्या भागाला रुळांची सवय नाही. पायवाट होती तिथं आता रूळ आले, शेळ्या घेऊन पोरं तिथूनच जातात. डेमूचा आवाज वाऱ्यावर उशिरा कळतो. पुलाखालचा रस्ता लांब पडला तरी तिकडूनच जा.

१७. परळीपर्यंत कधी?

तारीख विचारू नका, तीस वर्षं तारखाच ऐकल्यात. काम सांगतो. बीड ते परळी अजून साधारण ९४ किलोमीटर, वडवणी, तेलगाव, सिरसाळा असं करत. ते जोडलं की ही फक्त बीडची लाईन राहत नाही. आज परळीचा माणूस रेल्वेने नगरला यायचा तर परभणी-मनमाडचा नाहीतर लातूर-कुर्डुवाडीकडून वळसा. लाईन जोडली की परळीहून सरळ नगर, आणि लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या बीडवरून वळवता येतील. टोकाला बंद असलेल्या लाईनवर डेमूच धावणार, आरपार लाईनवर एक्सप्रेस मागता येते. म्हणून बीडला गाडी आली म्हणजे झालं असं समजून गप्प बसायची ही वेळ नाही.

१८. तिकीट काढलं आणि गाडी रद्द झाली, किंवा मीच गेलो नाही, तर पैसे परत मिळतात का?

गाडी रेल्वेने रद्द केली तर खिडकीवर पूर्ण पैसे मिळतात. तुम्हीच गेला नाहीत तर ३ तासांच्या आत परत करायचं, पण माणशी ३० रुपये कापतात, म्हणजे चाळीसच्या तिकिटाचे दहा हातात येणार आणि वीसच्या तिकिटाचं काहीच नाही. मोबाईलवरचं पेपरलेस तिकीट तर रद्दच होत नाही. घरात कुणाचं यायचं नक्की नसेल तर सगळ्यांची एकत्र काढू नका, जो नक्की आहे त्याचं आधी काढा, उरलेल्यांचं स्टेशनवर.